नव्या शिक्षकाची पहिली वर्षे : मूळ धरण्याचा काळ

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासपर लेख द्यावा, असे कार्यकारी मंडळाने सुचविले तेव्हा आम्हांला विषय शोधावा लागला नाही. विषय आपल्याच वस्तीत आहे. एव्हरशाईन सिटीतील इमारतींतून भल्या पहाटे डबा घेऊन बाहेर पडणाऱ्यांत आज कितीतरी तरुण शिक्षक-शिक्षिका आहेत. कोणी वसई-विरारमधल्या खाजगी शाळेत शिकवतो, तर कोणी डहाणूची गाडी पकडून पुढे एस.टी.ने पाड्यावरच्या शाळेत जाते. ज्यांच्या आजी-आजोबांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्यांची नातवंडे आज फळ्यापुढे उभी आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु फळ्यापुढे उभे राहणे वेगळे आणि उभे राहून टिकणे वेगळे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या परिचयाच्या घरातील एक मुलगी आमच्याकडे आली. शिक्षणशास्त्राची पदविका चांगल्या गुणांनी मिळविलेली, नोकरीला लागून आठ महिने झालेले. जयभीम घालून बसली आणि पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "सर, राजीनामा लिहून आणलाय. भाषा तेवढी तपासून द्या." आम्ही कागद वाचला. व्याकरणाची एकही चूक नव्हती. म्हणूनच आम्हांला अधिक वाईट वाटले. इतके नेटके लिहिणारी, इतकी मन लावून शिकलेली मुलगी आठ महिन्यांत का थकली, ह्याचा विचार करता करता हा लेख तयार झाला.

१) विषयाची मांडणी

आपल्या जिल्ह्यात वसईपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत भातशेती चालते. राबात वाढवलेले आवण उपटून चिखलात लावले की पहिले काही दिवस रोप मलूल होते, पाने पिवळी पडतात. जाणता शेतकरी त्यावरून रोपाला नावे ठेवीत नाही. तो खाचरात पाणी राखतो, बांध फुटला तर लिंपतो. मुळांनी माती धरली की तेच रोप हिरवेगार होते. नव्या शिक्षकाची पहिली दोन-तीन वर्षे म्हणजे हाच मूळ धरण्याचा काळ होय.

ह्या काळात जी शक्ती लागते तिला आम्ही 'उभारी' म्हणतो. अडचण आली तरी खचून न जाणे, खचलो तर पुन्हा सावरणे आणि सावरताना कालच्यापेक्षा थोडे शहाणे होणे, असे तिचे तीन भाग आहेत. पुष्कळांची अशी समजूत असते की, ही शक्ती काहींना जन्मतः मिळते आणि काहींना मिळत नाही. ही समजूत चुकीची आहे. उभारी कमावता येते, आणि ती एकट्याने कमवावयाची गोष्ट नाही. हे पटण्यासाठी आपण चार उदाहरणे पाहू. पहिले उदाहरण आपल्या शेजारच्याच गावचे आहे.

२) सोपाऱ्याचा पूर्ण : आधी मनाची तयारी

वसई रोडच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. तेथील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तेथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले आणि बौद्ध स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. परंपरा असे सांगते की, भगवान बुद्धांचा शिष्य पूर्ण हा ह्याच शूर्पारकाचा, मूळचा व्यापारी.

मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात त्याची कथा आहे. पूर्ण सुनापरांत प्रदेशात जाऊन उपदेश करू इच्छितो. तेथील लोक तापट व कठोर म्हणून प्रसिद्ध असतात. बुद्ध त्याला आशीर्वाद देऊन लगेच रवाना करीत नाहीत. ते एकामागून एक प्रश्न विचारतात. लोकांनी शिव्या दिल्या तर तुला काय वाटेल? हाताने मारले तर? ढेकळे मारली तर? काठीने, शस्त्राने मारले तर? प्रत्येक वेळी पूर्ण सांगतो की, ह्याहून वाईट त्यांनी केले नाही, म्हणजे ते भलेच लोक आहेत, असे मी मानीन. अखेर बुद्ध त्याला अनुमती देतात. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते.

शिक्षकाच्या दृष्टीने ह्या कथेत दोन धडे आहेत. एक, अडचण येणार हे धरून निघालेला माणूस अडचण आली म्हणून कोसळत नाही. आपल्याकडे नव्या शिक्षकाला नेमणुकीचा आदेश मिळतो, पेढे वाटले जातात. पण पहिल्या दिवशी वर्ग ऐकणारच नाही, तेव्हा काय करशील, असे त्याला कोणी विचारीत नाही. दुसरा धडा असा की, हे प्रश्न गुरूने विचारले. तयारी शिष्याची होती, पण ती करून घेणारा कोणीतरी होता.

३) सावित्रीबाई : जादा लुगडे आणि सोबतीण

१८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या. आज ह्या वयाची मुलगी बारावीत असते. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे ठेवीत, ही हकिकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आपण ती सहनशीलतेची म्हणून सांगतो. आम्हांला त्यात नियोजन दिसते. उद्याही चिखल पडणार आहे आणि तरीही वर्ग वेळेवर भरलाच पाहिजे, ह्यावर त्या माउलीने काढलेला तो साधा, व्यवहारी तोडगा होता. १८४९ साली त्यांना व जोतिरावांना घर सोडावे लागले, तरी शाळेचे काम सुटले नाही.

परंतु ह्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण क्वचितच सांगतो. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावी होत्या. तेथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या गैरहजेरीत सगळा भार फातिमावर पडत असेल, ह्याची काळजी त्यात आहे. आणि फातिमा कुरकुर न करता काम निभावील, हा विश्वासही आहे. म्हणजे क्रांतिज्योती म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, त्यांनाही आजारपणात विसावा घ्यावा लागला आणि तो मिळाला, कारण शाळेत सोबतीण होती.

४) सिडनहॅम कॉलेज, १९१८ : कामातून मिळविलेला मान

बाबासाहेबांच्या आयुष्यातील प्राध्यापकीच्या पर्वाकडे आपले थोडे दुर्लक्षच होते. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही, उतारगृहातून बाहेर काढले गेले आणि मन विदीर्ण करणारा अनुभव घेऊन ते मुंबईस परतले. त्यानंतर वर्षभरातच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय सत्तावीस, पगार दरमहा ४५० रुपये, आणि नेमणूक तात्पुरती.

आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांना मानले नाही. हा अस्पृश्य आम्हांला काय शिकवणार, ही भावना होती. काही सहकारी प्राध्यापकांनी तर प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी ते पितात ह्यास हरकत घेतली. अशा स्थितीत नव्या शिक्षकाने करावे तरी काय? बाबासाहेबांनी व्याख्यानांची तयारी केली. त्यांचा व्यासंग आणि विषय मांडण्याची हातोटी ह्यांचा बोलबाला असा झाला की, इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकण्यास येऊ लागले.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ज्या काळात बाबासाहेब वर्गात मुकाट्याने उत्तम शिकवीत होते, त्याच काळात ते बाहेर मुकाट्याने बसले नव्हते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली, ती कंटाळून नव्हे. पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे व स्नेह्यांचे साहाय्य घेऊन लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी सोडली. नोकरी सोडणे म्हणजे नेहमीच हार नसते. कशासाठी सोडली, ह्यावर ते ठरते.

५) कोसबाडची टेकडी : मुले येत नाहीत, तर शाळा जाईल

चौथे उदाहरण पुन्हा आपल्या जिल्ह्यातले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. गरिबांची, आदिवासींची मुले बालवाडीत येत नव्हती. ह्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. ह्या दोघींनी विचार केला की, मूल येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे. त्यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखतात, तर शाळा कुरणावर भरवावी, असे म्हणून 'कुरणशाळा' निघाली. फळा, घंटा, इमारत ह्यांवाचूनही शाळा होते, हे त्यांनी दाखवून दिले.

उभारीचा हा फार महत्त्वाचा प्रकार आहे. तीच पद्धत पुन्हा पुन्हा, अधिक जोराने वापरणे म्हणजे चिकाटी नव्हे. चुकते कोठे हे पाहून पद्धत बदलणे ही खरी चिकाटी.

आमचाही एक अनुभव सांगतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा डोंगरी भागातील एका शाळेत नेमणूक झाली. पहिले पंधरा दिवस वर्ग नुसता बसून राही. प्रश्न विचारावा, तर सगळी डोळे मोठे करून पाहत. आम्ही आवाज चढवला, मग छडी उचलली. शेवटी तेथील वयस्क गुरुजींपाशी रडगाणे गाइले की, ही पोरे मुकी आहेत. गुरुजी हसून म्हणाले, "पोरं मुकी नाहीत, तुम्ही बहिरे आहात. संध्याकाळी पाड्यावर येऊन बसा." आम्ही जाऊन बसलो. तीच पोरे तेथे एकमेकांशी भांडत होती, गाणी म्हणत होती, आम्हांला कोड्यात टाकीत होती. फक्त त्यांच्या बोलीत. महिनाभर आम्ही त्यांच्याकडून शब्द शिकलो, मग ती आमच्याकडून अक्षरे शिकली. त्या छडीची आठवण आजही टोचते. गुरुजी नसते तर आम्ही वर्षभर ती वापरीत राहिलो असतो, किंवा नोकरी सोडून घरी आलो असतो.

६) आजची परिस्थिती

आता आजच्या शिक्षकाकडे वळू. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधन, आणि ते प्राथमिकला सुरुवातीस दरमहा अवघे ३,००० रुपये होते. २०२३ साली प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झाले. वाढ झाली हे चांगलेच. पण घरभाडे, प्रवास आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज ह्यांचा हिशेब मांडला म्हणजे ज्या वर्षांत आधार सर्वांत जास्त हवा, त्याच वर्षांत हातात सर्वांत कमी पडते, हे कळते. विनाअनुदानित खाजगी शाळांतील तरुणांची ओढाताण तर आपण घरोघरी पाहतोच.

कामाचे स्वरूपही अवघड आहे. जोडवर्ग असला की एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एका खोलीत शिकवाव्या लागतात. जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात; तिकडे वर्ग अर्धा रिकामा होतो आणि शिक्षकाला वाटते, आपणच कमी पडलो. इकडे शहरी वर्गात पाच-सहा मातृभाषांची मुले एका बाकावर असतात. त्यात माहिती भरणे, तक्ते पाठविणे, फोनवर सतत येणाऱ्या सूचना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ह्यांखेरीज शिक्षकाला शैक्षणिकेतर कामाला लावता येत नाही. हे कलम किती नव्या शिक्षकांना माहीत असते?

परदेशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेतील रिचर्ड इंगरसोल ह्यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, तेथे नव्या शिक्षकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक पहिल्या पाच वर्षांत हा पेशा सोडतात. त्याच अभ्यासांत असेही आढळले की, ज्यांना पहिल्या वर्षी त्याच विषयाचा अनुभवी मार्गदर्शक आणि सहकाऱ्यांबरोबर मिळून तयारी करण्यास वेळ मिळाला, त्यांचे सोडून जाण्याचे प्रमाण कमी होते. आमच्या त्या गुरुजींनी जे केले, त्यालाच हा शास्त्रीय पुरावा मिळाला म्हणावयाचे.

७) सोसणे आणि टिकणे

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. 'टिकून राहा' हा उपदेश पुष्कळदा 'गप्प बसा' ह्या अर्थाने केला जातो. हे दोन उपदेश एक नव्हेत. वर्ग गोंगाट करतो, पाठ फसतो, पालक रागावून बोलतात, ह्या अडचणी धंद्यातल्या आहेत. त्यांत शिकत शिकत टिकावे. पण पगारपत्रकावर एक रक्कम आणि हातात दुसरी, जातीवरून टोमणा, बाईमाणसाला त्रास, ह्या अडचणी नव्हेत, हा अन्याय आहे. तो सोसणे म्हणजे उभारी नव्हे. तेथे लेखी नोंद ठेवावी, संघटनेकडे जावे, कायद्याचा आधार घ्यावा. पूर्णाची क्षमा आणि 'मूकनायक'ची वाणी ह्यांत विरोध नाही. कोठे काय वापरावे, ह्याचा विवेक हवा.

८) काय करता येईल?

नव्या शिक्षकांनी :

(अ) शाळेतील एका तरी अनुभवी शिक्षकाचा वर्ग मागे बसून पाहावा आणि त्यांना आपला वर्ग पाहण्यास बोलवावे. ह्यात कमीपणा नाही.

(आ) रोज रात्री वहीत दोन ओळी लिहाव्यात. आज काय फसले आणि आज कोणत्या मुलाला काय आले. दुसरी ओळ चुकवू नये. थकलेल्या मनाला फक्त पहिलीच आठवते.

(इ) पहिल्या महिन्यात मुलांच्या घरी जावे. मूल उशिरा का येते, हे हजेरीपटावरून कळत नाही.

(ई) आठवड्यातील एक संध्याकाळ शाळेच्या कामावाचून ठेवावी. सावित्रीबाईंनाही विसावा लागला, हे आठवावे.

संस्थेने व आपण सर्वांनी :

(अ) महिन्यातील एका रविवारी नव्या शिक्षकांची बैठक भरवावी. त्यात भाषण नको, हारतुरे नकोत. प्रत्येकाने एक फसलेला पाठ सांगावा आणि इतरांनी उपाय सुचवावा.

(आ) वस्तीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांपैकी प्रत्येकाने एका नव्या शिक्षकाची वर्षभर जबाबदारी घ्यावी.

(इ) शिक्षण हक्क कायद्यातील शिक्षकांशी संबंधित कलमे मराठीत छापून वाटावीत.

(ई) घरच्यांनी पहिल्या पगारापासूनच सगळ्या घराचा बोजा त्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये. आमच्या समाजात हे फार होते, आणि प्रेमापोटीच होते.

९) समारोप

१८५५ साली मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. आपल्या माणसांवर होणाऱ्या अन्यायाचा जाब तिने त्यात विचारला होता. ती फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली होती. चिखल पडल्यावर पहिल्या वर्षीच सावित्रीबाईंनी शाळा सोडली असती, तर तो निबंध लिहिला गेला असता का? नवा शिक्षक सोडून जातो तेव्हा एक जागा रिकामी होते एवढेच नव्हे. अशा कितीतरी मुक्ता लिहावयाच्या राहून जातात.

राजीनामा घेऊन आलेल्या त्या मुलीला आम्ही त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बाळ, कागद इथे ठेव. दिवाळीनंतर हवा असला तर घेऊन जा." मग शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त बाईंशी तिची गाठ घालून दिली. रविवारी दोघी मिळून पुढच्या आठवड्याचे पाठ काढू लागल्या. तिच्या शाळेतील एक प्रश्न आम्हां मंडळींना लेखी अर्ज करून सोडवावा लागला, तो सुटला. बाकीच्या अडचणी आहेत तशा आहेत. दिवाळी होऊन गेली. कागद आमच्या कपाटात आहे. तिने अजून परत मागितलेला नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पूर्णाला बुद्धांनी विचारले तसे तीन प्रश्न आपल्या ओळखीच्या नव्या शिक्षकासाठी तयार करा.

२. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजातील विरोधाला वर्गात कसे उत्तर दिले आणि वर्गाबाहेर कसे?

३. 'अडचण' आणि 'अन्याय' ह्यांतील फरक आपल्या अनुभवातील प्रत्येकी दोन उदाहरणे देऊन लिहा.

४. आपल्याला शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षकांना भेटा. त्यांचे पहिले वर्ष कसे गेले, त्या वेळी मदत कोणी केली, हे विचारून एक पान लिहा व पुढील बैठकीत वाचून दाखवा.